जग कंसात ठेवले म्हणजे काय केले?

पदवीच्या परीक्षेत मी एका प्रश्नाचे उत्तर साफ चुकीचे लिहिले आणि त्याला मला पंधरापैकी बारा गुण मिळाले. पुढे दुसऱ्याच एका कारणासाठी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तेव्हा ही गोष्ट मला कळली. प्रश्न हुसेर्लच्या 'एपोखे' या संकल्पनेवर होता. मी लिहिले होते की हुसेर्ल जगाला कंसात ठेवतो, म्हणजे जग मिथ्या आहे असे मानतो. हीच गोष्ट आपल्याकडे शंकराचार्यांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली आहे. आणि जगाचा पडदा बाजूला सारल्यावर जे उरते ते शुद्ध चैतन्य होय, हे दोघांनाही मान्य आहे. शेवटी पूर्व-पश्चिम मीलनावर चार ओळी होत्या. त्या चार ओळींसमोर तांबड्या शाईची बरोबरची खूण आहे.

दोष एकट्या परीक्षकांचा नाही. वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांत हेच होते, बाजारी मार्गदर्शकात हेच होते, आणि खरे सांगायचे तर ते लिहिताना मला स्वतःलाही बरे वाटले होते. जर्मनीतला एक अवघड लेखक एका परिच्छेदात आपल्या घरचा झाला होता. घरच्या माणसाला समजून घेण्याचे कष्ट कोण घेतो? पुढे पदव्युत्तर वर्गात आम्ही पाच जण होतो. एका सत्रात हुसेर्लचा 1913 सालचा ग्रंथ इंग्रजी भाषांतरातून ओळीने वाचायचा असे ठरले. तेव्हा लक्षात आले की ज्या गोष्टीवर मी बारा गुण मिळवले होते, तिचा निषेध लेखकाने स्वतःच तेथे स्पष्ट शब्दांत करून ठेवला आहे. मी सोफिस्टांप्रमाणे जग नाकारत नाही आणि संशयवाद्यांप्रमाणे त्याच्या अस्तित्वाची शंकाही घेत नाही, असे तो म्हणतो. मग तो करतो तरी काय? या प्रश्नाने मला गेले वर्षभर धरून ठेवले आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की कंसात ठेवणे म्हणजे जग गमावणे नव्हे, हे ज्याच्या ध्यानात येत नाही त्याच्या हाती या तत्त्वज्ञानाचे काहीच लागत नाही. आणि आपण घाईघाईने वेदान्ताशी त्याची मोट बांधतो तेव्हा हुसेर्लवर अन्याय करतोच, पण वेदान्तावरही करतो.

हुसेर्ल मुळात गणिताचा माणूस, हे आमच्या टिपणांत एका ओळीत उरकले होते. वस्तुतः सारी कथा तेथूनच सुरू होते. 1859 साली मोराव्हियातील एका ज्यू कुटुंबात तो जन्मला. बर्लिनमध्ये वायरश्ट्रास या थोर गणितज्ञाचा तो काही काळ सहायक होता आणि व्हिएन्नात त्याने गणितातच डॉक्टरेट मिळवली. तेथेच फ्रान्त्स ब्रेंटानोची व्याख्याने ऐकून तो तत्त्वज्ञानाकडे वळला. संख्या ही काय वस्तू आहे, असा त्याचा पहिला प्रश्न होता. झाडाखाली पाच आंबे पडलेले दिसतात. आंबा दिसतो, त्याचा पिवळेपणा दिसतो, पण 'पाच' कोठे दिसतात? 1891 च्या आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने उत्तर शोधले ते मोजण्याच्या मानसिक क्रियेत. या पुस्तकावर फ्रेगेने 1894 साली कडक टीका केली. त्या टीकेमुळे हुसेर्लचे मत पालटले, की ते आधीच पालटू लागले होते, याविषयी अभ्यासकांत वाद आहे. आपल्याकडचे थोर हुसेर्ल-अभ्यासक जितेंद्रनाथ मोहंती यांनी दुसरी बाजू घेतली होती. ते काहीही असो, 1900-1901 मध्ये 'तार्किक शोध' हा त्याचा ग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला, तोपर्यंत तो अगदी उलट्या टोकाला पोहोचला होता.

त्या ग्रंथाच्या पहिल्या भागातला युक्तिवाद मला आजही फार समाधान देतो. तर्काचे नियम हे मनुष्याच्या मनाच्या रचनेचे नियम होत, असे त्या काळी अनेकांना वाटे. एकच विधान एकाच वेळी खरे आणि खोटे असू शकत नाही, कारण आपले मन तसे मानू शकत नाही, एवढेच! हुसेर्ल म्हणतो, मनाचे नियम निरीक्षणाने सापडतात. ते फार तर संभाव्य असतात आणि उद्या बदलूही शकतात. तर्काचा नियम असा संभाव्य नसतो. शिवाय सत्य जर मनाच्या घडणीवर अवलंबून असेल, तर 'सत्य मनाच्या घडणीवर अवलंबून आहे' या वाक्याचे काय? ते सर्वांसाठी खरे म्हणून सांगितले जात असेल, तर बोलणाऱ्याने आपल्याच सिद्धान्ताला सुरुंग लावलेला असतो.

हा वाद शंभर वर्षांपूर्वी मिटला असे कोणी समजू नये. आज मनाच्या जागी मेंदू आला आहे, इतकेच. मानसशास्त्र विभागातला माझा एक मित्र मला मेंदूची रंगीत छायाचित्रे दाखवून विचारतो, "आता तुमचे तत्त्वज्ञान कशाला हवे?" मी त्याला विचारतो की हे छायाचित्र कशाचा तरी पुरावा आहे, हे तुला छायाचित्राच्या कोणत्या भागात दिसले? चित्र पाहणे, ते अमक्याचे चित्र म्हणून ओळखणे, त्यावरून अनुमान काढणे, ते अनुमान दुसऱ्याने पडताळणे, या साऱ्यांवर त्याचे शास्त्र उभे आहे आणि या साऱ्यांचा विचार त्या शास्त्राच्या कक्षेत येत नाही. मेंदूचे संशोधन खोटे आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ते ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीन त्याच यंत्राने मोजता येणार नाही, इतकेच.

आता खरी अडचण पाहा. संख्या मनात नाही, हे सिद्ध झाले. पण मन नसेल तर ती दिसते कोणाला? सत्य जाणिवेने निर्माण केलेले नाही आणि तरीही जाणिवेखेरीज ते कोठे प्रकट होत नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? हुसेर्लच्या रूपविवेचनाचा, म्हणजेच फेनॉमेनॉलॉजीचा, जन्म या पेचातून झाला आहे. ब्रेंटानोने 1874 साली एक जुनी कल्पना पुन्हा पुढे आणली होती की प्रत्येक मानसिक क्रिया कशाची तरी असते. पाहणे कशाचे तरी पाहणे असते, भीती कशाची तरी भीती असते. याला आपण विषयोन्मुखता म्हणू. हुसेर्लने हा धागा धरला आणि प्रश्न असा मांडला: जाणीव आपल्या विषयापर्यंत पोहोचते म्हणजे नेमके काय घडते?

माझ्यासमोर मेजावर एक पितळी तांब्या आहे. हा लेख मी त्याच्याकडे पाहत लिहीत आहे. मला त्याची पुढची बाजू दिसते आहे, मागची दिसत नाही. आतली पोकळी दिसत नाही, तळ दिसत नाही. तरी मी 'तांब्याची पुढची बाजू पाहिली' असे म्हणत नाही, 'तांब्या पाहिला' असे म्हणतो. न दिसणारी बाजू मी अनुमानाने जोडली का? तसे वाटत नाही. पाहता क्षणीच ती तेथे धरलेली असते. तांब्या फिरवला आणि मागे एक मोठा पोचा निघाला, तर मी चकित होईन. चकित होईन याचाच अर्थ असा की पाहण्यातच एक अपेक्षा होती आणि ती मोडली. आणि तांब्या कितीही फिरवला तरी त्याच्या सर्व बाजू एकदम मला कधीही दिसणार नाहीत. हा माझ्या डोळ्यांचा दुबळेपणा नव्हे. वस्तू म्हणून दिसणे याचा अर्थच असा बाजूबाजूने, आणखी पाहायला जागा ठेवून दिसणे. देवाने तांब्या पाहिला तरी त्यालाही तो असाच दिसेल, अशा अर्थाचे हुसेर्लने म्हटले आहे, आणि त्यात काही पाखंड नाही.

आता हे सारे मला केव्हा दिसले? नेहमी आपण तांब्या उचलतो, पाणी पितो आणि कामाला लागतो. जग आहे, ते आपल्यासमोर पसरलेले आहे, आपण त्यातलेच एक आहोत, हे आपण कधी ठरवलेले नसते; ते नुसते चाललेले असते. याला हुसेर्ल स्वाभाविक वृत्ती म्हणतो. एपोखे म्हणजे या चाललेल्या गोष्टीला क्षणभर हात न लावता थांबणे. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच थांबणे, निर्णय राखून ठेवणे असा आहे. 'तांब्या आहे' हा माझा विश्वास मी खोडत नाही, बदलत नाही; फक्त त्याचा वापर करण्याचे थांबवतो आणि त्याच्याकडे पाहतो. गणितात कंसात घातलेली संख्या नाहीशी होत नाही. ती तेथेच असते, पण तिच्यावर करायची क्रिया आपण राखून ठेवलेली असते. तसा तांब्या कंसात जातो तो आपल्या सगळ्या पितळेपणासह, वजनासह, मागच्या पोच्याच्या शक्यतेसह. गेले काहीच नाही. उलट आजवर नजरेतून निसटलेले पुष्कळ काही हाती आले. पाहण्याची क्रिया आणि त्या क्रियेत जसा पाहिला गेला तसा तांब्या, ही जोडी आता समोर आली. हुसेर्ल तिला नोएसिस आणि नोएमा अशी ग्रीक नावे देतो. नावे पाठ करण्यात अर्थ नाही; परीक्षेपुरती करावीत.

देकार्तच्या संशयापासून हे वेगळे कसे, हेही येथेच दिसते. देकार्तला ज्याची शंका घेता येणार नाही असा एक खिळा हवा होता, आणि 'मी' हा तो खिळा त्याला सापडला. हुसेर्लने देकार्तचे ऋण वारंवार मान्य केले आहे. 1929 साली पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून तयार झालेल्या ग्रंथाला तर त्याने देकार्तच्या चिंतनांचेच नाव दिले. पण त्याची तक्रार अशी की देकार्तने सारे जग बुडवून त्याचा एक छोटासा तुकडा 'मी' म्हणून वाचवला आणि त्यावर पुन्हा सगळे उभारायला घेतले. हुसेर्लच्या कंसात हा तुकडाही जातो. माझे नाव, गाव, जात, हजेरीपटावरचा क्रमांक, हे सगळे जगातलेच आहे, तेही कंसात.

'ट्रान्सेंडेंटल' या शब्दाबद्दल येथे एक तक्रार नोंदवतो. आपल्या टिपणांत त्याला सर्रास 'अतींद्रिय' म्हटलेले असते. हा शब्द वाचला की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर मिटलेले डोळे आणि पद्मासन येते. कांटने 1781 च्या आपल्या ग्रंथात हा शब्द वापरला तो वस्तूंपलीकडच्या वस्तूसाठी नव्हे. वस्तूंचे ज्ञान मुळात शक्य कसे होते, याच्या शोधासाठी वापरला. हुसेर्लच्या बाबतीत सांगायचे तर तांब्या माझ्या जाणिवेच्या पलीकडचा आहे, तो माझ्या पाहण्याने संपत नाही. आणि 'हा माझ्यापलीकडचा आहे' हा अर्थच माझ्या जाणिवेत कसा घडतो, या चौकशीला तो ट्रान्सेंडेंटल म्हणतो. म्हणजे इंद्रियांकडे पाठ फिरवणे तर दूरच, इंद्रियांनी दिसणाऱ्या साध्या तांब्यापाशी आपण अधिक वेळ थांबतो! नेमका मराठी शब्द मला सुचलेला नाही, म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो. चुकीच्या मराठी शब्दापेक्षा अनोळखी परका शब्द परवडला.

ही पद्धत कोठवर पोहोचते, हे मला सगळ्यांत चांगले कळले ते गाण्याच्या बैठकीत. हुसेर्लने 1905 च्या सुमारास काळाच्या जाणिवेवर व्याख्याने दिली. त्यांत तो सुरावटीचे उदाहरण घेतो. मी आपली तीनतालातली बंदिश घेतो. गायकाने सम घेतली की साऱ्या बैठकीच्या माना एकदम हलतात. हे कसे होते? समेची मात्रा कानावर पडल्यावर विचार करून मान हलवायची म्हटली तर मान मात्राभर मागे राहील. ऐकणारा समेच्या आधीच समेकडे कलंडलेला असतो. आणि गेलेल्या मात्रा? त्या आठवाव्या लागत नाहीत. आठवणे म्हणजे काल ऐकलेले गाणे आज आठवणे. नुकतीच गेलेली मात्रा गेलेली म्हणूनच अजून धरलेली असते. ती तशी नसती तर ऐकू आला असता एकेक सुटा ठोका, ताल नव्हे. म्हणजे 'आत्ता' हा सुईच्या अग्रासारखा बिंदू नाही. त्याला मागे एक पदर आहे आणि पुढे एक कल आहे. घड्याळाचा काळ मोजायचा असेल तर आधी हा काळ हवा.

पद्धतीचा आणखी एक भाग आहे आणि तोही येथेच दाखवता येतो. एखादा स्वर घ्या आणि मनातल्या मनात बदलून पाहा. तो चढा करा, उतरता करा, सतारीचा करा, बासरीचा करा, मोठा करा, बारीक करा. स्वर स्वरच राहतो. आता त्याचा कालावधी काढून घ्या, शून्य करा. स्वर उरतच नाही! ही गोष्ट हजार स्वर तपासून काढलेले अनुमान नव्हे. कल्पनेने मुक्त फेरफार करता करता जे हलत नाही ते त्या वस्तूचे सत्त्व, आणि ते असे स्वच्छ पाहता येते, हा हुसेर्लचा दावा. मला तो पटतो, पण एका मर्यादेपर्यंत. स्वर, रंग, त्रिकोण यांच्या बाबतीत पटतो; 'कुटुंब' किंवा 'धर्म' यांच्या बाबतीत हाच प्रयोग करायला गेलो, तर जे हलत नाही असे वाटते ते वस्तूचे सत्त्व आहे की माझ्या कल्पनेची गरिबी, हे कसे ठरवायचे?

येथे आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने घेतलेला आक्षेप सांगितला पाहिजे. ती म्हणाली, "जगाला कंसात ठेवणे हे भरल्या पोटाचे काम आहे. ज्याला जगाने गावाबाहेर ठेवले, त्याने जगाला कंसात ठेवायचे म्हणजे काय?" एपोखेला 'जग मिथ्या' असे समजले तर या आक्षेपाला उत्तर नाही, तो रास्तच आहे. पण एपोखे म्हणजे 'हे असेच असते' या चाललेल्या समजुतीचा वापर थांबवून तिच्याकडे पाहणे असेल, तर ज्यांना गावाबाहेर ठेवले गेले त्यांच्याइतकी त्याची गरज दुसऱ्या कोणाला असेल? हुसेर्लने स्पर्शाचे एक सुंदर वर्णन केले आहे, ते त्याच्या मृत्यूनंतर 1952 साली छापले गेले. उजव्या हाताने डाव्या हाताला स्पर्श केला की शिवणारा आणि शिवला जाणारा, दोन्ही आपणच असतो. डोळ्याला स्वतःला पाहता येत नाही, पण त्वचा शिवता शिवता शिवली जाते. गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्काई यांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात सरुक्काई यांनी याच दिशेने अस्पृश्यतेचे विवेचन केले आहे. ते सगळे पटो वा न पटो; कंसाचा उपयोग अशा ठिकाणी करता येतो, हे तरी त्यातून दिसते. मैत्रिणीचे समाधान झाले नाही, हेही नमूद करतो.

मग आम्हा सर्वांचा एवढा गैरसमज झाला कसा? याला हुसेर्लही थोडा जबाबदार आहे. 1913 च्या त्याच ग्रंथात तो एके ठिकाणी म्हणतो की सारे जग नष्ट झाले अशी कल्पना केली, तरी जाणीव बदललेल्या रूपात का होईना, उरेल. असे लिहिणाऱ्याने वाचकाला मायावाद आठवला म्हणून तक्रार करू नये. त्याचे ग्योटिंगेनचे कित्येक विद्यार्थी यामुळेच नाराज झाले. वस्तूंकडे परत चला म्हणणारा गुरू आता जाणिवेत जाऊन बसला, असे त्यांना वाटले. पुढे स्वतः हुसेर्लनेच, युरोपीय विज्ञानांच्या अरिष्टावरील शेवटच्या ग्रंथात, कबुली दिली की देकार्तच्या वाटेने एकाच उडीत 'मी'पर्यंत पोहोचण्यात मोठा तोटा होता. तेथे पोहोचलेला माणूस रिकाम्या हाताने उभा राहतो आणि आता करायचे काय हे त्याला कळत नाही. त्याच ग्रंथात तो एपोखेची तुलना आधी रोजच्या व्यवसायाच्या ठरलेल्या वेळांशी करतो, म्हणजे कामाच्या वेळी काम, मग घर. आणि लगेच म्हणतो की यातून धर्मांतरासारखे आमूलाग्र परिवर्तनही घडू शकते. यातली पहिली उपमा मला पटते. दुसरी त्याच्या पायाला जड जाते.

मेर्लो-पाँतीने 1945 साली म्हटले की एपोखेपासून मिळणारा सर्वांत मोठा धडा म्हणजे तो पूर्ण करता येत नाही हा होय. यावर काहीजण म्हणतात, मग पाया खचला. मला तसे वाटत नाही. पाया म्हणजे एकदा पुरला की ज्यावर मजले चढवायचे तो दगड, असे समजले तर खचला खरा. पण सत्तरी ओलांडलेला हुसेर्ल स्वतःला अजून खरा आरंभ करणारा म्हणवत होता, ते विनयाने नव्हे. त्याचा पाया ही वारंवार परत जाण्याची जागा आहे.

ती जागा कोणती, हे शेवटच्या ग्रंथात त्याने अधिक साधेपणाने सांगितले. गॅलिलिओने निसर्गाचे पुस्तक गणिताच्या भाषेत वाचले आणि विज्ञानाने अफाट यश मिळवले. पण हळूहळू गणिताचे वस्त्र हेच निसर्गाचे अंग आहे असे लोक समजू लागले. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचे शेत आणि पायाखालचे शेत. उताऱ्यावर हेक्टर आणि आर असतात, आणि वाटणीच्या भांडणात तोच आकडा चालतो. पण मोजणीदाराची साखळी बांधावरून ओढली गेली, कारण आधी तेथे कोणी तरी चालत होते, नांगर धरत होते, बांध घालत होते. उतारा खोटा नाही. शेताशिवाय तो कशाचा उतारा, हे मात्र सांगता येत नाही. या आधीच्या, जगल्या जाणाऱ्या जगाला हुसेर्लने जीवनविश्व म्हटले.

हे त्याने कोणत्या दिवसांत लिहिले? 1933 साली नाझी राजवटीने ज्यू म्हणून त्याच्यावर विद्यापीठाची दारे बंद करायला सुरुवात केली. याच देशासाठी त्याचा धाकटा मुलगा 1916 साली व्हर्दूनला मारला गेला होता. जर्मनीत बोलण्याची सोय नव्हती, म्हणून 1935 साली तो व्हिएन्नात आणि प्रागमध्ये बोलला; ग्रंथाचा पहिला भाग 1936 साली बेलग्रेडच्या नियतकालिकात छापला गेला. एप्रिल 1938 मध्ये तो वारला. लघुलिपीत लिहिलेली सुमारे चाळीस हजार पाने मागे होती. फान ब्रेडा नावाच्या एका तरुण फ्रान्सिस्कन पाद्र्याने ती बेल्जियममधल्या लूव्हेनला पोहोचवली. बुद्धीवरचा विश्वास टाकून देण्याची साथ आली असताना हा वृद्ध मनुष्य 'बुद्धीचा पाया कोठे आहे' असे विचारत बसला होता. याला कोणी जगाकडे पाठ फिरवणे म्हणणार असेल तर म्हणो.

आता वेदान्ताविषयी. तुलना करूच नये, असे मी म्हणत नाही. तुलना करण्याचा रस्ता आपल्या महाराष्ट्रातूनही गेला आहे. कृष्णचंद्र भट्टाचार्यांचे विषयी आणि स्वातंत्र्य यांवरील प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक 1930 साली खानदेशातल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराने छापले. देहापासून सुरू करून विषयी स्वतःला विषयांपासून पायरीपायरीने कसा मोकळा करतो, याचा त्यात शोध आहे. वाचताना हुसेर्ल पावलोपावली आठवतो. पण भट्टाचार्यांच्या वाटेचे टोक विषयांपासून मुक्ती हे आहे. हुसेर्लची जाणीव विषयापासून सुटत नाही. विषय तिच्यात अर्थ घेऊन घडतो. अद्वैतातले शुद्ध चैतन्य निर्विषय आहे आणि साक्षी काही घडवत नाही, नुसता पाहतो. मग जाणीव नेहमी कशाची तरी असते, हे आपल्याकडे कोणी म्हटले? नैयायिकांनी. ज्ञान सविषयक असते हा न्यायाचा सिद्धान्त आहे. आणि 'हा घट आहे' या ज्ञानानंतर 'मला घटाचे ज्ञान झाले' असे जे दुसरे ज्ञान होते, त्याला त्यांनी अनुव्यवसाय असे नाव देऊन त्याची काटेकोर चर्चा केली आहे. वेदान्ताच्या महाद्वारातून आत जाण्याच्या घाईत शेजारचे हे घर आपण पाहतच नाही. अर्थात न्यायातही हुसेर्ल नाही. नैयायिक बाह्य जगाला कंसात ठेवायला कधीच तयार झाला नसता. पण येथे निदान भांडण तरी मुद्द्यावर होईल.

आणि हुसेर्लचे काय? 1925 साली बुद्धाच्या प्रवचनांच्या जर्मन भाषांतराबद्दल त्याने अतिशय आदराने एक छोटे टिपण लिहिले होते. तरीही दहा वर्षांनी व्हिएन्नात बोलताना त्याने ठरवून टाकले की केवळ जाणण्यासाठी जाणणे ही ग्रीसची देणगी. भारतात आणि चीनमध्ये जे आहे ते धार्मिक आणि व्यावहारिक हेतूंनी बांधलेले. न्यायसूत्रांवरचा वाद त्याने वाचलेला नव्हता. पूर्वग्रह कंसात ठेवायला सांगणाऱ्या माणसाचा हा पूर्वग्रह कंसाबाहेर राहिला. मोहंतींनी ग्योटिंगेनमध्ये शिकून, 2023 साली वारेपर्यंत, आयुष्यभर दोन्हीकडचे मूळ ग्रंथ वाचले आणि 'आपल्याकडे हे होतेच' आणि 'त्यांच्याकडे हे नव्हतेच' या दोन्ही आळसांना नकार दिला. मराठीत तसे काम करायला पुष्कळ जागा शिल्लक आहे, आणि संस्कृत व तत्त्वज्ञान हे दोन्ही विभाग आपल्या महाविद्यालयात एकाच मजल्यावर आहेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्या गुरुजनांना शेवटी एक विनंती. 'एपोखे आणि मायावाद यांतील साम्य स्पष्ट करा' हा प्रश्न काही वर्षे विश्रांतीला पाठवावा. त्याऐवजी असे विचारावे: 'तांब्याची मागची बाजू दिसत नसताना आपण तांब्या पाहिला असे म्हणतो, ते कोणत्या आधारावर? स्वतःचे उदाहरण घेऊन लिहा.' गुण तेच ठेवावेत, पंधरा.